एका माणसाचा चौकोन

१ ऑक्टोबर २०१२, सोमवार

पोचले एकदाची. बसमधून उतरले तेव्हा पिएत्राग्रावाच्या चौकात इतकं स्वच्छ ऊन पडलं होतं, की बॅग खाली ठेवून मी दोन मिनिटं नुसती उभी राहिले. बावन्न वर्षांपूर्वी बाबांनी मला याच चौकात पत्र्याच्या ट्रंकेसकट उतरवलं होतं. सिस्टरांच्या शाळेत राहायला आलेली दहा वर्षांची मुलगी. तेव्हा मी ओक्साबोक्शी रडले होते. आज हसू आलं. उत्तरेतल्या तोरिनो शहरातली बत्तीस वर्षांची नोकरी झाली, नवऱ्याला शेवटचा निरोप देऊन झाला, आणि बासष्टाव्या वर्षी मी पुन्हा या गावातली नवी मुलगी.

काम सहा महिन्यांचं आहे. इथल्या अकरा डोंगरी गावांचा एक संघ आहे. गावोगावच्या रहिवासी नोंदणीतून माणसांचे तक्ते करायचे. कोण कुठं राहतं, वय काय, धंदा काय. मला आवडणारं काम.

खोली मास्त्रो दोनातोच्या दुकानावर मिळाली आहे. चौऱ्याहत्तर वर्षांचा चांभार (इथं कारागिराला मास्त्रो म्हणतात), बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. माझी बॅग वर नेताना तो माझ्या बुटांकडे बघून म्हणाला, सिन्योरा, उजवी टाच फार झिजलीय, जन्मभर कुणाला तरी चुकवत चाललात की काय? बूट त्याने ठेवूनच घेतले. मी नुसत्या चपलांवर राहिले, वाळलेल्या लाल मिरच्या तळून पावाबरोबर खाल्ल्या, आणि खाली त्याची हातोडी टकटक करत होती. किती दिवसांनी एखाद्या घरात माणसाचा आवाज ऐकला.

३ ऑक्टोबर, बुधवार

नगरपालिकेत जाऊन रहिवासी म्हणून सही केली. आता मीही त्या नोंदणीत आहे.

कार्यालयात तीनच माणसं. साहेब दोत्तोर लोफ्रेदो, घरातही मफलर काढत नसावेत असे. दुसरी ओर्सोला, चाळिशीची, जिभेला धार आणि मन लोण्याचं. तिसरी मी.

तक्ते करणारं इथलं मशीन कसं चालतं ते ओर्सोलाने मला चीजवर समजावलं. म्हणाली, सगळ्या गावांची माहिती म्हणजे चीजचा एक ठोकळा समजा बाई. या बाजूने सुरी घातली की गावांचे काप पडतात, त्या बाजूने घातली की वयांचे, वरून घातली की धंद्यांचे. चीज तेवढंच, कापणारा निराळा. आणि सगळ्या बाजूंनी एकदम कापलंत, की हातात एवढासा चौकोन उरतो. मी म्हटलं, आमच्या तोरिनोला याला मोठं जड नाव आहे. ती म्हणाली, असेल, तुमच्याकडे चीजपण महागच असतं.

मग लोफ्रेदोसाहेबांनी नियम सांगितला. तो मला आधीच ठाऊक होता, सगळ्या सांख्यिकी कार्यालयांत असतो. ज्या चौकोनात तीनापेक्षा कमी माणसं येतील तो उघडा ठेवायचा नाही. आकडा पुसायचा, तिथं दोन टिंबं घालायची. आकड्याला चेहरा दिसता कामा नये, असं ते म्हणाले, आणि मला वाटलं, किती सभ्य विचार आहे.

७ ऑक्टोबर, रविवार

सिस्टर इल्देगार्दा जिवंत आहेत! ओर्सोलाकडून कळलं. शाळा १९८९ साली बंद झाली, बाकीच्या एकेक करून गेल्या, मठात या एकट्याच उरल्या आहेत. वय एक्याण्णव.

पायऱ्या चढून गेले. दिवाणखान्याला तोच मेणाचा आणि उकडलेल्या कांद्याचा वास. डोळे गेलेत त्यांचे. मी नमस्कार म्हटलं मात्र, त्या म्हणाल्या, ही तर एर्नेस्ता, साताच्या पाढ्यात अडकायची ती. मग मला सात सत्ते एकोणपन्नासपासून पुढं म्हणायला लावला. म्हटला. त्या खुदकन हसल्या.

त्यांचा हात अगदी पापडासारखा झालाय. तो माझ्या हातात होता तेव्हा त्या म्हणाल्या, पोरी, मरायची भीती नाही. या घरात मी सतरा जणींना पोचवलं, सतराही जणींचा हात धरून बसले होते. माझ्या वेळेला मात्र धरायला कुणी नाही. एकटीने नको ग जायला. मी म्हटलं, मी आहे ना सिस्टर. त्या म्हणाल्या, शब्द दे. मी दिला.

उतरताना मला वाटलं, याच्याचसाठी मी परत आले असेन.

१६ ऑक्टोबर, मंगळवार

आज धंद्यांचा तक्ता. ओळींत गावं, रकान्यांत धंदे, वय साठीच्या पुढचं. पिएत्राग्रावाच्या ओळीत, धर्मसेविका या रकान्यात, आकडा होता १.

मला गहिवरून आलं. अख्ख्या तक्त्यात माझ्या सिस्टर एकट्याच उभ्या आहेत असं वाटलं. जरा वेळ तो एक बघत बसले. मग नियमाप्रमाणे झाकला.

ओर्सोला मागून वाकून बघत होती, ती हसायलाच लागली. म्हणाली, अहो बाई, एकच झाकून काय उपयोग? ओळीची बेरीज शेवटी लिहिलेली आहे. बाकीचे वजा केले की शाळेतलं पोरही तुमच्या सिस्टरला बाहेर काढेल. खरंच की! बत्तीस वर्षं काम केलेल्या बाईने करायची ही चूक नव्हे. त्या एकाकडे बघता बघता माझं भानच गेलं होतं.

एक चौकोन झाकला की त्याच ओळीतला आणखी एक झाकावा लागतो, त्याच रकान्यातला एक, आणि ते दोघे जिथं मिळतात तिथला चौथा. चार कोपरे. मग कुणालाही वजाबाकीने काढता येत नाही. बाकीचे तीन मशीन स्वतः निवडतं. त्याने निवडले, पिएत्राग्रावाचा चांभार, सांतार्दुइनो गावची धर्मसेविका, सांतार्दुइनोचा चांभार. तिन्ही ठिकाणी एकेकच माणूस.

सांतार्दुइनोचा चांभार म्हणजे माझा विताले काका, असं ओर्सोला म्हणाली. नाक एवढं मोठं, की पावसात विडी विझत नाही. तिच्या लग्नात त्याने नवऱ्या मुलाचेच बूट घालून नाच केला होता, आणि नवरा मोज्यांवर. सांगता सांगता तिच्या डोळ्यांत हसून पाणी आलं.

चारी ठिकाणी टिंबं घातली. तक्ता बंद केला.

१७ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी हातोडी वाजली नाही. मला वाटलं, मास्त्रो दोनातो आजारी. खाली गेले तर दुकानाचं दार ओढलेलं, कडीवर कोळिष्टकं. फटीतून पाहिलं. आत पिंप, मोडकी शिडी, चुन्याची पोती.

समोरच्या बेकरीवाल्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, कोण दोनातो? ती तर जुनी कोठी आहे, आमचं सामान असतं तिथं. मी म्हटलं, मला खोली कुणी दिली मग? त्या माझ्याकडे काळजीने बघायला लागल्या. सिन्योरा, मीच नाही का दिली? किल्ली तुमच्या हातात ठेवली, तुम्ही माझ्याकडचा पाव घेतलात.

माझे बूट दुकानात होते. मी अजून चपलांवर आहे.

१८ ऑक्टोबर, गुरुवार

ओर्सोलाला सहज विचारावं तसं विचारलं, विताले काका कसे आहेत. तिने टंकणं थांबवलं नाही. म्हणाली, कुठला काका? माझ्या बापाला भाऊच नव्हता, आजी त्यावरून जन्मभर देवाशी भांडली. मी तिला तिच्या लग्नातली गंमत सांगितली, बुटांची. तिने खांदे उडवले. म्हणाली, बाई, तुमच्या तोरिनोत होत असतील असली लग्नं. माझ्या लग्नात कुणी नाचलंच नाही. याचंच तर मला दुःख आहे.

तशीच उठून मठाकडे गेले. पायऱ्या धावत चढले, छातीत दुखायला लागलं.

फाटकाला साखळी. साखळीवर गंज. मी नाव घेऊन हाका मारल्या. कोपऱ्यावरचा तंबाखूवाला बाहेर आला आणि म्हणाला, अहो, कुणाला हाका मारताय, शेवटच्या सिस्टर एकोणनव्वद साली गेल्या. अकरा दिवसांपूर्वी याच माणसाने मला सांगितलं होतं, वर जाताय तर म्हातारीला या खोकल्याच्या गोळ्या द्या.

१९ ऑक्टोबर, शुक्रवार

लोफ्रेदोसाहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मग ठोकळा उघडून मला गावाची एकूण बेरीज दाखवली. एक हजार दोनशे सात. पहिल्या दिवशी होती तेवढीच. साहेब म्हणाले, बघा, एकही माणूस कमी नाही. कुणी गेलं असतं तर इथं दिसलं नसतं का? नवऱ्याला जाऊन किती दिवस झाले तुमच्या? रजा घ्या दोन दिवस.

बेरजेत सिस्टर आहेत. म्हणजे त्या आहेत. कुठंतरी आहेत. फक्त त्यांच्याकडे बोट दाखवता येत नाही.

साहेब गेल्यावर मी टिंबं काढली. एक दिसला, मी हुंदका दिला. तक्ता साठवला तशी टिंबं परत आली. नियम मशीनच्या पोटातच आहे. पाच वेळा काढली. पाच वेळा आली.

२३ ऑक्टोबर, मंगळवार

एक वाट सुचली आहे. धंद्याच्या बाजूने चौकोन झाकलाय, तर दुसऱ्या बाजूने जायचं. ठोकळा फिरवायचा. वयाने कापून बघितलं, एक्याण्णव वर्षांच्या अविवाहित बाया. टिंबं. जन्मगावाने कापलं. टिंबं. गल्लीने, शिक्षणाने, कुटुंबातल्या माणसांच्या संख्येने. ज्या बाजूने जाते तिथं माझ्या आधी टिंबं. बरोबरच आहे म्हणा. एका बाजूने झाकलेलं माणूस दुसऱ्या बाजूने उघडं पडलं, तर झाकण्याला अर्थ काय. मीच शिकवलंय हे नव्या पोरींना.

उद्या आणखी बाजू बघेन. मी शब्द दिलाय.

२६ ऑक्टोबर, शुक्रवार

संध्याकाळी मुख्य रस्त्यावर फेऱ्या मारायला माणसं निघतात तेव्हा मी कट्ट्यावर बसले होते. रस्ता विरळ वाटला. चेस्टनट भाजणारी बाई नाही. तिची जागा नाही, शेगडीचा काळा डागही नाही. बसचा जाड ड्रायव्हर नाही, बस दुसराच कुणी आणतो. सुईण नाही. तंबाखूवाला नाही, त्याच्या जागी नुसती भिंत.

मग कळलं. घरी येऊन कागदावर मांडलं.

मी सिस्टरांना शोधायला दोन दिवसांत ठोकळा सात वेळा फिरवला. दर वेळी त्यांचा चौकोन झाकायला मशीनने आणखी तीन कोपरे घेतले, त्यांतल्या माणसांसकट.

सात त्रिक एकवीस.

देवा, मी शोधत होते.

२९ ऑक्टोबर, सोमवार

मी ठोकळ्याला हात लावत नाही. नुसती मशीनसमोर बसते. साहेब म्हणाले, तब्येत नसेल तर ओर्सोला करेल. ओर्सोला म्हणाली, करते की, मेलेल्या गाढवावर आणखी एक गोणी. मी तिचा हात धरला, नको करूस म्हटलं. तिने हात सोडवून घेतला, पण मग माझ्यासाठी कॅमोमाइलचा काढा करून आणला. म्हणाली, बाई, तुम्हाला कुणीतरी हवंय. एकटं राहून माणूस असं होतं.

काढा प्यायले. काय सांगू हिला.

२ नोव्हेंबर, शुक्रवार

मृतांचा दिवस. सगळं गाव शेवंती घेऊन कबरस्तानात. मीही मेणबत्त्या नेल्या. पण लावू कुठं? त्यांच्या कबरी नाहीत. इथं माणूस गेलं की भिंतीवर काळ्या कडेचा कागद लागतो, नाव, वय, दुःखी कुटुंब. त्यांचे कागद नाहीत. मेलेच नाहीत ते. बेरजेत जिवंत आहेत.

चेस्टनटवालीची मुलगी शेजारून गेली. मी तिच्या आईबद्दल विचारलं. ती थांबली, कपाळाला आठी घातली, काहीतरी आठवतंय असं तिच्या तोंडावर आलं — आणि गेलं. म्हणाली, आई? माझी? आणि इतकी बावरली की मीच तिची क्षमा मागितली.

मेणबत्त्या परत आणल्या.

६ नोव्हेंबर, मंगळवार

वरच्या कार्यालयाने नवा काप मागवला आहे. कोण कधी राहायला आलं आणि काय शिकलेलं. ओर्सोला करते आहे. मी मागून बघितलं. बाई, साठीपुढची, संख्याशास्त्र शिकलेली, या वर्षी पिएत्राग्रावात आलेली.

१.

मी तिच्या पाया पडायची बाकी राहिले. म्हटलं, हा उघडा ठेव, हवं तर तीन लिही, खोटं लिही. ती म्हणाली, अहो, तुमचं नाव थोडंच आहे त्यात? आणि झाकायचंच तर आहे. कुणाला दिसणार नाही तुम्ही, हेच तर बरं.

नगरपालिकेत धावले. नाव काढा म्हटलं. कारकून म्हणाला, काढतो, अर्ज द्या, पंचेचाळीस दिवस लागतात.

बस होती चारला. तोरिनोचं तिकीट काढता आलं असतं. उभी राहिले बसजवळ. सिस्टर कुठंतरी आहेत, आणि आंधळ्या आहेत.

बस गेली.

८ नोव्हेंबर, गुरुवार

बारवाल्याने माझ्यापुढं कॉफी ठेवली नाही. दोनदा मागितली. त्याने काउंटर पुसला, माझ्या कोपरापाशी येऊन फडकं थांबलं नाही —

कार्यालयात ओर्सोलाने तिचा कोट माझ्या खुर्चीवर टाकला. मी तिथं बसले होते. ओझं वाटलं. ऊब वाटली. ती साहेबांना म्हणत होती, तोरिनोहून कुणी पाठवणार होते ना, काय झालं त्याचं? आपणच मरायचं का?

मी म्हटलं, ओर्सोला.

तिने खिडकी लावून घेतली.

त्याच दिवशी

मठाचं फाटक उघडं आहे. साखळी नाही. मेणाचा वास, कांद्याचा —

खोकला ऐकू आला. त्यांचाच. मी ओळखते, प्रार्थनेत पुस्तकाआड खोकायच्या. दिवाणखान्यात धावले. कुणी नाही. खोकला पलीकडच्या खोलीत. तिथं गेले. कुणी नाही. एक खुर्ची. एक खिडकी.

खाली कुठंतरी हातोडी. टकटक. मास्त्रो दोनातो! हाक मारली. हातोडी थांबली. त्याने विचारलं, कोण आहे? सिन्योरा, तुमचे बूट झालेत, या ना घेऊन जा. जिना उतरले. रिकामी खोली. एक खुर्ची, एक खिडकी. तो अजून विचारत होता, मागच्या भिंतीतून. या ना. कितीदा सांगू, कुणीच कसं येत नाही.

एका चौकोनात एक.

९ — किंवा दहा

खोल्या संपत नाहीत. चेस्टनटवाली रडते. बोलते मी तिच्याशी, भिंतीतून. मुलीने फुलं नेली का विचारते. हो म्हटलं.

सिस्टर जवळ आल्या आहेत. त्या नव्हे, त्यांचा आवाज. पाढा म्हणतात. माझ्यासाठी. मी सापडावी म्हणून.

मीही म्हणते. भिंत धरून चालते. दार आलं की आवाज मागे जातो. म्हणून दारं सोडली. भिंतीशीच बसले आहे.

तारीख माहीत नाही

श्वास अडतोय त्यांचा. त्या म्हणतात, पोरी, आता वेळ आली बहुतेक. आलीस का तू?

आले सिस्टर.

मग हात दे.

भिंत नखांनी — चुना पडतो, आत चुनाच —

म्हणतात, अंधार मला नवा नाही, पण हात कुठाय? तू शब्द दिला होतास. रागावत नाहीत. नुसतं विचारतात.

इथं आहे मी. भिंतीला लावा हात, इथं, खाली, माझ्या आवाजाच्या — सिस्टर? अजून एकदा विचारा. सिस्टर, मी हात लावून ठेवलाय, एकदाच विचा